पुलावरची पेटी नदीचा प्रवाह मोजत नाही

कोकणातील पुलांच्या कठड्यावर दिसणारी सौरपट्टीची पेटी नदीतून किती पाणी वाहते हे थेट मोजते, आणि पाणी पिण्याजोगे आहे की नाही हेही सांगते, असा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. तो चुकीचा आहे.

बहुतेक पेट्यांतील रडार संवेदक पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजतो आणि त्यावरून केवळ पातळी ठरते. विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी, काढायचा तर त्या जागी निरनिराळ्या पातळ्यांना नदीचा काटछेद (पात्राच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ) आणि वेग प्रत्यक्ष मोजून पातळी व विसर्ग यांचा आलेख आधी तयार करावा लागतो, आणि पुराने पात्र खरवडले किंवा गाळाने भरले की तो पुन्हा तपासावा लागतो. कोकणात आणखी एक अडचण आहे: वाशिष्ठी किंवा सावित्रीच्या खालच्या टप्प्यात भरतीचे पाणी आत शिरते, त्यामुळे पाऊस नसतानाही पातळी चढते आणि एकाच पातळीला भरती-ओहोटीत प्रवाह निराळा, कधी उलट्या दिशेचाही असतो. अशा ठिकाणी वेग स्वतंत्रपणे मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

गुणवत्तेचे संवेदक वेगळे असतात आणि पाण्यात बुडवलेले असतात. ते सामू (पाण्याची आम्लता, pH), विरघळलेला प्राणवायू, गढूळपणा, विद्युतवाहकता मोजतात. खाडीलगत वाहकता वाढली म्हणजे प्रदूषण झाले असे नव्हे. बहुधा ती उधाणाबरोबर आत आलेल्या खाऱ्या पाण्याची खूण असते. जैवरासायनिक प्राणवायू मागणी (सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू वापरतात) याच्या चाचणीस मात्र प्रयोगशाळेत २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस लागतात, आणि रोगजंतूंसाठीही नमुना तिथेच न्यावा लागतो.