‘च’ लावून वाचा

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज परवा पुन्हा आला. आज रात्री साडेबारा ते साडेतीन मंगळावरचे कॉस्मिक किरण पृथ्वीजवळून जाणार, मोबाइल बंद करून लांब ठेवा, नासा आणि बीबीसीने बातमी दिली आहे. खाली हात जोडलेले आठ इमोजी. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. "तू सायन्सवाला ना रे? तू ठेवतोस का बंद?"

काकूंना हसण्याआधी एक प्रश्न. राम, सीता आणि भरत वनवासाला निघाले, ते किती वर्षांसाठी?

चौदा म्हणालात ना? मग भरत कधी गेला वनवासाला? तो पादुका घेऊन परत फिरला आणि नंदिग्रामात राहिला, हे तुम्हाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. मी हाच प्रश्न घरी जेवताना टाकला, तर रामायणाची पारायणं केलेली आई म्हणाली, "चौदा. आमटी वाढू?"

या गमतीला मानसशास्त्रात ‘मोझेस भ्रम’ म्हणतात. एरिक्सन आणि मॅटसन या दोघांनी १९८१ मध्ये तो प्रयोगातून दाखवला. त्यांचा प्रश्न होता : मोझेसने नावेत प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले? बायबलातल्या महापुराच्या गोष्टीतली नाव नोहाची, मोझेसची नव्हे. लोकांना ते माहीत होतं, तरी बहुतेकांनी बिनदिक्कत ‘दोन’ असं उत्तर दिलं. काही प्रश्नांत गफलत असू शकते अशी आधी सूचना देऊनही. प्रश्न मोठ्याने वाचायला लावूनही. म्हणजे ‘नजरेतून निसटलं’ ही सबब इथे चालत नाही. तो शब्द त्यांच्या तोंडातून गेला होता.

मग चूक होते कुठे? माझा जीव अडकला आहे तो इथे, तेव्हा जरा सबुरीने घ्या. संशयित तीन. एक, शब्द नीट वाचलाच गेला नाही. दोन, वाचला, पण खरी माहिती आठवणीतून वर आली नाही. तीन, दोन्ही हजर होते, पण त्यांची ताडणी ढिली झाली. १९९१ मध्ये रेडर आणि कुस्बिट यांनी लोकांकडून खरी वाक्यं आधी पक्की करून घेतली आणि मग फसवे प्रश्न विचारले. माहिती ताजी असूनही लोक फसले. त्यांनी बोट ठेवलं ते तिसऱ्यावर. मेंदू वाक्यातला शब्द आठवणीतल्या शब्दाशी अक्षरन् अक्षर जुळवून बघत नाही. या प्रसंगात हा शोभतो का, एवढंच बघतो. भरत रामाचा भाऊ, राजपुत्र, त्याच कथेतला. शोभतो. पुढे चला! त्याच्या जागी बिरबल घाला, लगेच अडखळाल. म्हणजे चाळणी आहे, पण तिची भोकं मोठी आहेत.

आणि ती मोठी असावीच लागतात. जेवताना कोणी मिठाकडे हात करून "जरा साखर दे" म्हटलं तर आपण मीठच देतो, वाद घालत बसत नाही. बोलणं असं गबाळं असताना प्रत्येक शब्दाची झडती घेणाऱ्या माणसाचं एक संभाषण पुरं व्हायचं नाही. जाणकारांनाही यातून पूर्ण सुटका नाही. आपल्या विषयात ते कमी फसतात, पण फसतात.

आता मला फार आवडणारा भाग. १९८८ मध्ये ब्रेदार आणि मोदोलो यांनी फक्त वाक्याची ठेवण बदलली. ‘मोझेसने नावेत घेतली ती प्रत्येक प्राण्याची जोडी’ या वळणात जोर जोडीवर आहे, आणि मोझेस खपून जातो. ‘नावेत प्रत्येक प्राण्याची जोडी घेतली, ती मोझेसने’ असं फिरवलं की जोर मोझेसवर येतो आणि तो पुष्कळदा पकडला जातो. शब्द तेच, माहिती तीच, फक्त उजेड दुसरीकडे पडला. वाक्यात जिथे जोर असतो तिथे ताडणी कडक होते. बाकीचं ‘हे तर ठरलेलंच’ म्हणून फुकटात आत शिरतं.

आपल्या भाषेत हा उजेड हलवायला वाक्य मोडावंही लागत नाही. एक ‘च’ पुरतो. ‘रामाबरोबर भरतच वनवासाला गेला.’ बघा, आईसुद्धा आमटीचा डाव खाली ठेवील. म्हणून चिकित्सक वाचनाची माझी युक्ती एवढीच आहे : संशयास्पद वाक्य घ्यायचं आणि त्यातल्या एकेका शब्दाला आळीपाळीने ‘च’ लावून, पुढे प्रश्नचिन्ह ठेवून वाचायचं.

(२००८ च्या एका प्रयोगात किचकट अक्षरात छापलेल्या प्रश्नाला लोक कमी फसले होते. तेवढ्यावरून ‘अवघड फॉन्ट वापरा, बुद्धी तल्लख करा’ असा गाजावाजा झाला. पुढे अवघड फॉन्टने गणिती कोडी नीट सुटतात का, हे हजारो लोकांवर तपासलं, तेव्हा काही हाती लागलं नाही. तेव्हा फॉन्टच्या नादी लागू नका.)

हे कोड्यांपुरतं नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना पत्रं धाडली : नव्या, तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. माध्यमांनी ‘दुप्पट’ उचललं. घाबरून अनेक बायकांनी गोळ्या सोडल्या. दुप्पटच? हो, ते खरं होतं. पण दुप्पट कशाच्याच? हा ‘कशाच्या’ वाक्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात राहिला. आधीच्या पिढीची गोळी घेणाऱ्या ७,००० बायकांत एकीला गुठळी होत असे, नव्या गोळीवर दोघींना. वाढ सात हजारांत एक. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले. आणि गुठळीचा धोका गोळीपेक्षा गरोदरपणातच जास्त असतो.

आता काकूंचा मेसेज घेऊ. कॉस्मिक किरणच? ते तर कायमच येत असतात. व्हिक्टर हेस फुग्यात बसून उंच गेला आणि त्याने ते शोधले, त्याला १९१२ पासून शतक उलटलं. त्यातून वातावरणात तयार होणारे म्युऑन नावाचे सूक्ष्म कण आत्ता, हे वाचताना, तुमच्या तळहातातून सेकंदाला साधारण एक या हिशेबाने आरपार जात आहेत. मोबाइल चालू असो वा बंद. मंगळावरूनच? ते येतात सूर्याकडून आणि सूर्यमालेच्या फार पलीकडून. ग्रहणात विळी-सुरी लपवणाऱ्या घरांत मंगळाचं नाव का चालतं, ते वेगळं सांगायला नको.

बीबीसीनेच? इथे मात्र नुसता ‘च’ कामाचा नाही, मेसेज सोडून बाहेर जावं लागतं. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये ४५ जणांना वेबसाइटींचा खरेखोटेपणा पारखायला दिला. त्यांत १० इतिहासकार, १० तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी होते. विद्यार्थी आणि कागदपत्रं वाचण्यात हयात घालवलेले कित्येक इतिहासकार तेच पान मन लावून वाचत बसले, आणि देखण्या लोगोला भुलले. तपासनीस मात्र पान धड न वाचताच दुसरी टॅब उघडून ‘ही संस्था कोण?’ हे शोधायला गेले.

उरला ‘आज’. आजच? मेसेजवर तारीख नाही. मी ग्रुपवर जुने मेसेज शोधले. हाच मजकूर दोन वर्षांपूर्वी आला होता, ‘आज रात्री’साठीच, आणि पाठवला होता मीच. वर लिहिलं होतं, "खरं-खोटं माहीत नाही, पण काळजी घ्या."

काकूंना अजून सांगितलेलं नाही.