बाळाच्या हृदयातली गाठ

गर्भातल्या बाळाच्या हृदयात गाठ दिसतेय, असं सोनोग्राफीत कळलं की घरच्यांच्या मनात थेट कॅन्सर येतो. बहुतेकदा ती भीती खोटी ठरते. तान्ह्या बाळांच्या हृदयात सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे ऱ्हॅब्डोमायोमा. ती शरीरात इतरत्र पसरत नाही आणि जन्मानंतर बहुधा आपोआप आक्रसत जाते. त्रास नसेल तर डॉक्टर ठरावीक काळाने इको (हृदयाची सोनोग्राफी) काढतात, बस्स. आईबापांना हे नुसतं थांबणंच जड जातं.

गाठ केवढी, यापेक्षा ती कुठे बसली आहे हे महत्त्वाचं. रक्ताची वाट अडली किंवा ठोके बिघडले, तर जिवावर बेततं. अशा वेळी पूर्वी शस्त्रक्रियेवाचून फारसा पर्याय नव्हता. आता काही बाळांना सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस हे औषध देतात. सिरोलिमसचं मूळ प्रशांत महासागरातल्या रापा नुई (ईस्टर आयलंड) बेटावरच्या मातीत आहे. 1964 साली निघालेल्या कॅनडाच्या मोहिमेने ती माती आणली आणि तिच्यातल्या जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या चमूने माँट्रियलमध्ये हे द्रव्य वेगळं केलं. ऱ्हॅब्डोमायोमा असलेल्या बाळांपैकी अनेकांत टीएससी1 किंवा टीएससी2 या जनुकात बिघाड असतो. ही जनुकं पेशींच्या वाढीचा ब्रेक. तो निकामी झाला की एमटॉर नावाचं प्रथिन मोकाट सुटतं. औषध नेमकं त्यालाच आवरतं. पण त्याने प्रतिकारशक्ती घटते, रक्तातली पातळी सारखी तपासावी लागते आणि ते थांबवल्यावर गाठ पुन्हा वाढूही शकते. म्हणून सरसकट कुणालाही ते देत नाहीत.

फायब्रोमा या हृदयातल्या दुसऱ्या गाठीची गोष्ट वेगळी. ती गाठ सहसा एकटी असते आणि आपणहून विरत नाही. एमआरआयमध्ये दोघींतला फरक बऱ्यापैकी कळतो. फायब्रोमामुळे त्रास होत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

ऱ्हॅब्डोमायोमाच्या गाठी एकाहून जास्त असतील, तर मला हृदयापेक्षा मेंदूची काळजी जास्त वाटते. टीएससी जनुकांतल्या बिघाडाने होणाऱ्या आणि मेंदूलाही गाठणाऱ्या ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजाराची ती बहुधा पहिली खूण असते. मग त्वचेवरचे फिकट डाग अतिनील दिव्याखाली शोधतात, मेंदूचा एमआरआय होतो, जनुक चाचणी होते. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत हा बिघाड नव्यानेच झालेला असतो, त्यामुळे ‘कुणाच्या घराण्यातून आलं’ हा वाद बहुतेकदा व्यर्थ. त्यापेक्षा ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) वेळच्या वेळी करून घ्यावा. या आजारातले पहिल्या वर्षातले फिटचे झटके अनेकदा बाळ नुसतं दचकल्यासारखे दिसतात. झोपेतून उठताना असं लागोपाठ होत असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ काढून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.