वॉटर मार्बल नेल आर्ट

साध्या पाण्यावर नेलपॉलिशचे थेंब एकात एक सोडायचे, तयार झालेली वर्तुळे टोकदार काडीने ओढून नक्षी करायची आणि ती तरंगती नक्षी बोट बुडवून नखावर उचलून घ्यायची, ही नखे रंगवण्याची पद्धत. पार्लरमध्ये ती क्वचितच करतात. वेळ फार जातो आणि पॉलिशही बरेच वाया जाते. त्यामुळे ती मुख्यतः घरी, सुट्टीच्या दिवशी करायची हौस आहे. कोकणात तिचा हंगाम म्हणजे गौरी-गणपती आणि मे महिन्यातली लग्ने. चाकरमान्यांबरोबर मुंबईहून आलेल्या बहिणी आणि गावातल्या बहिणी ओटीवर एकत्र बसल्या, की अलीकडे मेंदीच्या कोनाशेजारी पाण्याचा पेलाही मांडला जातो.

पाण्यावरचा रंग उचलून घेण्याची कल्पना जुनी आहे. जपानमध्ये सुमिनागाशी या पद्धतीने रंगवलेले १२व्या शतकातले कागद आजही पाहायला मिळतात. तुर्कस्तानच्या एब्रू कलेला युनेस्कोने २०१४ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे विजापूर. १७व्या शतकात तिथले चित्रकार अबरी पद्धतीने, म्हणजे पाण्यावरचा रंग कागदावर उचलून, माणसांची आणि घोड्यांची चित्रे करत. कोकण किनाऱ्यावरचे दाभोळ हे याच आदिलशाहीचे मोठे बंदर. कागदावरच्या आणि नखावरच्या कामात फरक मात्र मोठा आहे. एब्रूसाठी पाणी डिंकाने घट्ट करतात आणि पाण्यात कालवलेले रंग त्यावर बराच वेळ ओले राहतात. नेलपॉलिश पडल्या क्षणापासून सुकू लागते. त्यामुळे इथे कारागिरीइतकीच घाईही लागते, आणि बहुतेक फसलेली नखे उशिरामुळेच फसतात.

नेलपॉलिशचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. मोटारींना चढवायचे झटपट सुकणारे रंग १९२०च्या दशकात याच पदार्थापासून निघाले आणि त्याच सुमारास तो नखांवरही आला. तो इथिल आणि ब्युटिल अॅसिटेट या द्रावकांत विरघळवलेला असतो. पाण्याचे पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन, तर या द्रावकांचे साधारण २५. हा फरक थेंबाला चारी बाजूंनी ओढतो आणि थेंब पातळ चकतीसारखा पसरतो. पुढचा थेंब मधोमध सोडला की पहिला बाहेर ढकलला जातो आणि कडी तयार होते. द्रावक उडून गेले की मागे पातळ पापुद्रा उरतो. इथिल अॅसिटेट ७७ अंश सेल्सियसला उकळते आणि भराभर उडते, ब्युटिल १२६ अंशांना उकळते आणि रेंगाळते. ‘क्विक ड्राय’ लिहिलेली बाटली या कामी निरुपयोगी ठरते, कारण नक्षी काढण्याआधीच कड्या आवळून बसतात. जुने, तारा सुटणारे पॉलिश पसरत नाही. त्याची गोळी होऊन तळाशी जाते.

पाणी स्वच्छ आणि खोलीच्या तापमानाचे हवे. माठातले गार पाणी नको, त्यात थेंब आखडतो. स्लॅबवरच्या टाकीचे दुपारचे पाणीही नको, त्यावर तो लगेच सुकतो. खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी टाळून प्यायचे गाळलेले पाणी घ्यावे. पण कोकणातल्या घरात खरी अडचण येते ती खोबरेल तेलाची. तेलाचा डोळ्यांना न दिसणारा थर पाण्यावर पसरला, तरी पृष्ठताण उतरते आणि पॉलिश जागच्या जागी थिजते. नुकतीच वेणी घातलेले हात, आमटीची नीट न घासलेली वाटी, इतकेही पुरते. साबणाचा अंशही तेच करतो. अरुंद तोंडाचा काचेचा किंवा कागदी पेला बरा. पातळ प्लॅस्टिकचे आणि थर्मोकोलचे पेले द्रावकाने विरघळू शकतात. करवंटी फोटोत शोभते, पण ती डुगडुगते आणि आतल्या खोबऱ्याचे तेल पाण्यावर येते.

नखांवर आधी बेस कोट आणि त्यावर पांढरा थर देऊन तो पूर्ण सुकू देतात. पांढऱ्यावर नक्षी उठून दिसते. नखाभोवतीच्या कातडीला चिकटपट्टी लावतात किंवा पांढऱ्या गोंदाचा थर देतात, तो सुकल्यावर सोलून निघतो. बाटल्यांची झाकणे आधीच सैल करून ठेवावीत. थेंब पाण्याच्या अगदी जवळून सोडायचा. उंचावरून पडला तर पृष्ठभाग फोडून बुडतो. चार-पाच कड्या झाल्या की काडी घ्यायची. टूथपिक चालते, खराट्यातून काढलेली हिराची काडी जास्त बारीक टोकाची मिळते. सर्वात बाहेरची कडी तोवर सुकून पेल्याला धरलेली असते, तिला काडी लागली की सगळा पापुद्रा ओढला जातो. म्हणून काडी दुसऱ्या कडीच्या आतच फिरवायची आणि दर रेघेनंतर टोक पुसायचे. आतून बाहेर रेघा ओढल्या तर फूल होते, आलटून पालटून ओढल्या तर पाने. मग नख नक्षीला समांतर ठेवून सरळ खाली न्यायचे. तिरपे गेले तर नक्षी एका बाजूला गोळा होते आणि हवेचा बुडबुडा राहतो. बोट पाण्यातच ठेवून वर उरलेला पापुद्रा काडीवर गुंडाळून काढायचा आणि मगच बोट बाहेर. या पायरीला आळस केला तर वर येताना दुसरा पापुद्रा पहिल्यावर बसतो आणि नखावर नुसता चिखल दिसतो.

या पद्धतीचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. ब्रशने काम करताना उजव्या हाताची नखे डाव्या हाताने रंगवावी लागतात आणि ती वेडीवाकडी होतात. इथे नक्षी पाण्यावर काढायची असल्याने दोन्ही हातांची नक्षी उजव्या हातानेच काढता येते.

हवेचा परिणाम मोठा असतो. जुलैत किनाऱ्यावरची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते. द्रावक उडताना पॉलिश गार पडते, त्यावर बाष्प धरते आणि रंगावर दुधट छटा येते. पंखा लावून ही छटा वाढण्याचाच संभव. शिवाय वाऱ्याने पाण्यावरचा पापुद्रा सुरकुततो. पावसाळ्यात उघडीप पाहून दुपारी बसावे आणि नखाला लागलेले पाणी पुसल्यावर घाई न करता शेवटचा टॉप कोट द्यावा. गणपतीच्या दिवसांत भाद्रपदातली उघडीप मिळाली तर काम सोपे होते. मे महिन्यात उलट, बाटलीतले पॉलिशच घट्ट होऊ लागते.

टिकाऊपणात ही नक्षी साध्या पॉलिशपेक्षा कमी पडते, कारण ती थरावर बसवलेला सुटा पापुद्रा असते. भातलावणी, कोळंबी सोलणे, खवणीवर नारळ खवणे यांत कडा आधी उचकटतात. रातांबे फोडायच्या दिवसांत तर हा खटाटोप न केलेलाच बरा, कोकमाचा रंग पांढऱ्या थरात उतरतो. टॉप कोट नखाच्या टोकावरून खालच्या बाजूला थोडा वळवला तर नक्षी जास्त टिकते.

पेल्यातले पाणी मोरीत ओतण्याआधी पापुद्रे काडीने काढून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकतात. विहिरीच्या आसपास किंवा माडाच्या अळ्यात ते ओतू नये. पॉलिश आणि रिमूव्हर दोन्ही ज्वालाग्राही असतात, तेव्हा समईजवळ किंवा चुलीशेजारी बसू नये आणि खिडकी उघडी असावी. थर जाड असल्याने काढताना अॅसिटोन लावलेला कापूस नखावर काही मिनिटे दाबून ठेवावा लागतो. त्या वेळी आजूबाजूला मखराचा थर्मोकोल नसेल हे पाहावे, अॅसिटोनचा एक थेंबही त्याला भोक पाडतो.