वेंगुर्ले परिसर

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा किनारपट्टीचा टापू. उत्तरेला कर्ली खाडी, दक्षिणेला तेरेखोल खाडी आणि तिच्यापलीकडे गोवा, पूर्वेला कुडाळ व सावंतवाडी तालुके. गोव्याची गर्दी इतकी जवळ असूनही हा किनारा निवांत राहिला. मात्र वेंगुर्ल्याला जाणे म्हणजे पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूवर, दोन दिवस काढणे असे समजणारा माणूस अर्धाच प्रदेश पाहून परततो. किनाऱ्यापासून पाच-दहा किलोमीटर आत चिऱ्याच्या कौलारू घरांची, माडा-पोफळीच्या बागांची आणि ग्रामदेवतांच्या राहाटीची गावे आहेत. किनाऱ्याचे मीठ-मासळी आणि आतले भात-काजू यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे, म्हणून दोन्ही एकत्रच पाहावे.

वेंगुर्ले हे जुने बंदर. सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना रसद येथून मिळे. त्या काळातली डच वखार आज पडझड होऊन झाडाझुडपांत उभी आहे. 1812 मध्ये सावंतवाडी संस्थानाने बंदर इंग्रजांच्या हवाली केले. पुढे आंबोली घाटातून बेळगावला जाणारी वाट झाली, घाटावरचा माल खाली बंदरात उतरू लागला आणि गाव भरभराटले. मुंबईचा चाकरमानीही बोटीनेच येथे उतरत असे. बोटी बंद पडल्या तशी ही वर्दळ ओसरली. मुंबई-गोवा महामार्ग आतून गेला. 1998 मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वेही कुडाळ-सावंतवाडीवरूनच गेली. वेंगुर्ल्याचा संथपणा बराचसा या आडवाटेमुळे टिकला.

किनाऱ्यावर सागरेश्वर, वायंगणी, मोचेमाड, आरवली-शिरोड्याचा सुरूच्या बनाचा वेळागर, उत्तरेला निवती आणि भोगवे अशा पांढऱ्या वाळूच्या पुळणी आहेत. वायंगणीला ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालतात. गावकरी ती घरटी राखतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्ले समुद्रात सोडली जातात. मांडवी खाडीत स्थानिक महिला होडीतून कांदळवन दाखवतात. खाडीचा श्वास या झाडांवर चालतो हे त्यांच्या तोंडून ऐकण्यासारखे आहे. समुद्रात दूर दिसणाऱ्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांतल्या गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. लाळेपासून केलेली त्यांची घरटी खाण्यासाठी चोरून विकली जात, म्हणून तेथील पक्ष्यांचे रक्षण हा कळीचा विषय ठरला.

सकाळी लवकर पुळणीवर गेल्यास रापण पाहायला मिळते. होडीतून जाळे अर्धगोल टाकून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात आणि दोन रांगांतली माणसे मागे मागे सरत दोर ओढतात. जाळ्याचा घेर आकसत जातो, पाण्यावर घिरट्या घालणारे पक्षी वाढतात आणि अखेर तारली, पेडवे, बांगडे वाळूवर उसळतात. वाटणी जागच्या जागी होते. दोराला हात लावणाऱ्या परक्या माणसालाही चार मासे देण्याची रीत आहे. मासळीचा थवा मोठ्या जाळ्याने घेरणाऱ्या पर्ससीन नौकांनी रापणकरांचा घास तोडला. राज्य सरकारने 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी हा झगडा मिटलेला नाही आणि त्यात रापणकरांची बाजू न्याय्य आहे.

शिरोड्याची मिठागरे आवर्जून पाहावीत. भरतीचे पाणी आखलेल्या वाफ्यांत घेऊन उन्हात आटवतात आणि तळाशी बसलेले मीठ लाकडी फळीने ओढून त्याचे ढीग लावतात. 1930 च्या मे महिन्यात याच मिठागरांवर सत्याग्रहींनी मिठाचा कायदा मोडला. या गावच्या शाळेत वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिक्षक होते. शेजारचे आरवली हे जयवंत दळवींचे गाव. आरवलीचा वेतोबा नवसाला पावतो अशी श्रद्धा असून त्याला केळ्यांचे घड आणि मोठाल्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात, असे गावकरी सांगतात. रेडीला 1976 मध्ये खाणीच्या परिसरात सापडलेली द्विभुज गणपतीची मूर्ती आणि यशवंतगड आहे. लोहखनिजाच्या खाणींनी पोखरलेला डोंगरही तिथेच आहे.

आतल्या गावांत शिरले की आधी देऊळ लागते. सातेरी, रवळनाथ, भूतनाथ ही येथील दैवते. सातेरी पुष्कळ ठिकाणी वारुळाच्या रूपात पुजली जाते. गावाची सारी घडी गावरहाटीवर बसलेली आहे : कोणत्या घराण्याने तरंग, म्हणजे देवाचे प्रतीक म्हणून सजवलेले खांब, धरायचे, कोणी नारळ ठेवायचा, कोणी गाऱ्हाणे घालायचे हे ठरलेले असते. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरतात. मातोंड-पेंडूरच्या घोडेमुखची जत्रा देवाला दिल्या जाणाऱ्या कोंबड्यांच्या मानासाठी प्रसिद्ध आहे, तर तुळसचा जैतीर उत्सव पावसाच्या तोंडावर येतो.

कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा लागतात आणि प्रदेश पाहण्याचा खरा हंगाम हाच. ओट्या भरून झाल्या, पालखी फिरली की मध्यरात्रीच्या सुमारास दशावतार उभा राहतो. त्याआधी नटांच्या खोलीपाशी थांबावे. आपापला पेटारा उघडून जो तो समोर आरसा ठेवतो आणि स्वतःच्या हाताने चेहरा रंगवतो. साडी नेसून राणी होणारा दिवसा शेतात राबणारा गडी असू शकतो. संहिता लिहिलेली नसते. मुख्य नट कथा सांगतो आणि संवाद रंगमंचावर उभे राहून जागच्या जागी सुचतात. एक बाकडे असते. तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. पेटी, मृदंग आणि झांज यांवर गणपती, सरस्वती येऊन जातात, विष्णू संकासुराला मारतो, मग आख्यान पहाटेपर्यंत चालते आणि दहीकाल्याने सांगता होते. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर अशी मंडळे आजही रोज नव्या गावी हा खेळ करतात. ज्याने हे एकदा पूर्ण रात्र बसून पाहिले, त्याला या मुलखाचे बोलणे-हसणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तालुक्याची हद्द ओलांडली की कुडाळकडे वालावलचे लक्ष्मीनारायण मंदिर आणि त्याचा शांत तलाव, पुढे पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, व कळसूत्री बाहुल्या. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते.

काजू हे येथील मुख्य पीक. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने ‘वेंगुर्ला-4’, ‘वेंगुर्ला-7’ अशा जाती दिल्या; ‘रत्ना’ आणि कोयीचा नावापुरताच अंश असलेला ‘सिंधू’ हे आंबेही येथलेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात बायका ओले काजूगर शेकड्यावर विकतात. कोवळी बी चिरताना निघणारा चीक हात भाजतो, त्यामुळे भाव ऐकून घासाघीस करू नये. या काजूगरांची उसळ, काळ्या वाटाण्याचे सांबार, तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, हे जेवण हॉटेलपेक्षा घरगुती खानावळीत चांगले मिळते. सकाळच्या उकड्या तांदळाच्या पेजेला तोड नाही.

मे महिन्यात आंबा-फणस असला तरी उकाडा फार. जूनपासून मासेमारी बंद राहते आणि समुद्रात उतरणे धोक्याचे असते. आतल्या मळ्यांत मात्र तेव्हाच भातलावणी चालते. गणेशचतुर्थीला चाकरमानी घरी येतात, गणपतीवर फळाफुलांची माटवी सजते आणि रात्रभर भजने होतात. या दिवसांत खानावळी बंद असतात, तेव्हा ओळखीच्या घरीच उतरण्याची सोय करावी. रेल्वेने येऊन कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरून एसटीने वेंगुर्ले गाठता येते. परुळे-चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाला. आतल्या गावांना एसटीच्या फेऱ्या मोजक्याच असतात, म्हणून परतीची शेवटची गाडी आधी विचारून ठेवावी.