लॉगआउट झालं, तरी आवाजाची सर्व्हिस जुनीच

लिनक्सवर आवाज गेला की ‘एकदा लॉगआउट करून बघ’ असं आजही सर्रास सांगतात. सल्ला चुकीचा नव्हता. ज्या काळात तो रूढ झाला, त्या काळात तो चालायचा.

ओएसएस या जुन्या साउंड ड्रायव्हर-व्यवस्थेच्या दिवसांत एका प्रोग्रामने साउंड कार्ड धरलं की दुसऱ्याला बहुधा ‘डिव्हाइस बिझी’ मिळे. म्हणून सगळ्या प्रोग्रामचा आवाज एकत्र करून कार्डाला देणारे मध्यस्थ आले: ग्नोम डेस्कटॉपमध्ये ईएसडी, केडीई डेस्कटॉपमध्ये एआरटीएस. २००३ च्या अखेरीस कर्नल २.६ सोबत ओएसएसच्या जागी अल्सा आला, पण मध्यस्थ काही गेला नाही. २००४ मध्ये लेनार्ट पॉटरिंग यांचा पॉलिपऑडिओ हा नवा मध्यस्थ आला, पुढे त्याचाच पल्सऑडिओ झाला आणि २००७ च्या फेडोरा ८ या लिनक्स आवृत्तीपासून तो डेस्कटॉपवर रुळला. तो डेस्कटॉपच्या सेशनबरोबर (लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचा काळ) उठायचा आणि सेशन संपल्यावर थोड्या वेळात बंद व्हायचा. तेव्हा लॉगआउट म्हणजे खरोखर नवी सुरुवात होती.

लिनक्समधल्या सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीने हे गणित बदललं. आता आवाजाची सर्व्हिस सांभाळतो तो सिस्टिमडीचा युझर मॅनेजर, आणि तो सेशनमागे एक नसून युझरमागे एक असतो. शेवटचं सेशन संपल्यावरही तो १० सेकंद थांबतो. तेवढ्यात पुन्हा लॉगिन केलं, तर तीच अडकलेली प्रोसेस पुढे चालू. दुसरीकडून एसएसएचने (दूरून केलेलं लॉगिन) सेशन उघडं असेल किंवा त्या युझरला ‘लिंगर’ (लॉगआउटनंतरही मॅनेजर चालू ठेवणारी सेटिंग) लावलेलं असेल, तर ती मरतच नाही. २०२१ च्या फेडोरा ३४ मध्ये पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आला, पण हा नियम तोच राहिला.

खात्री करायची तर लॉगआउटच्या आधी आणि नंतर पाइपवायरचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) बघावा. आकडा तोच असेल, तर लॉगआउटने काहीच केलेलं नाही. मग ‘सिस्टिमसीटीएल --युझर रीस्टार्ट’ देऊन पाइपवायर आणि त्याच्या जोडीच्या पाइपवायर-पल्स व वायरप्लंबर या तिन्ही सर्व्हिस एकदम उठवाव्यात. कमांडच्या पुढे सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवणं) लावू नये: कमांड तुमच्या मॅनेजरपर्यंत पोचतच नाही आणि ‘बस’शी (प्रोग्राममधला निरोपांचा मार्ग) जोडता आलं नाही अशी एरर येते. वैतागून सारखं रीस्टार्ट मारलं, तर १० सेकंदांत ५ वेळांच्या मर्यादेवर सिस्टिमडी हात वर करतो. तेव्हा आधी ‘रीसेट-फेल्ड’ देऊन ती मोजणी पुसावी.

दुसरी जुनी सवय जास्त त्रास देते: युझरला ‘ऑडिओ’ ग्रुपमध्ये टाकणं. साउंड कार्डाची परवानगी आता लॉगिनडी हा सिस्टिमडीचा लॉगिन सांभाळणारा भाग देतो, तीही समोर बसलेल्या युझरला. युझर बदलला की ती काढून घेतो. ग्रुपमधल्या युझरची परवानगी मात्र तशीच राहते. त्याची सर्व्हिस मागे कार्ड धरून बसते आणि समोरच्याला सेटिंगमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’ दिसतं. ‘गेटफॅकल’ या कमांडने साउंड डिव्हाइसच्या परवानग्यांची यादी काढली की कोणाच्या नावावर परवानगी आहे ते कळतं. ब्लूटूथ हेडफोन अडला तर जीडीएमकडेही, म्हणजे ग्नोमच्या लॉगिन स्क्रीनकडेही बघावं: ही स्क्रीन स्वतःच्या युझरखाली चालते, आणि तिथली आवाजाची सर्व्हिस हेडफोन आधीच पकडून बसलेली असू शकते.