मधमाशीच्या नांगीत, शुक्राणूच्या डोक्यावर

फेब्रुवारीत तासगावजवळ मामांच्या द्राक्षबागेत घड बघत फिरत होतो आणि मनगटाला मधमाशी चावली. मामीनं लगेच चुना लावला. तरी संध्याकाळपर्यंत सूज कोपराकडं सरकली. एवढ्याशा नांगीतलं विष इतकं लांब पोचलं कसं?

विषातच त्याची सोय असते. कातडीखाली पेशींच्या मधल्या जागेत हायलुरोनिक ॲसिड असतं. दोन प्रकारच्या साखरेचे रेणू आलटूनपालटून जोडलेली ही लांबलचक साखळी पाणी धरून बसते आणि तिची खळ होते. खळीतनं काही सहजासहजी पसरत नाही. माशीच्या विषात ही साखळी तोडणारं एन्झाइम असतं, हायलुरोनिडेझ. बत्तीस शिराळ्याच्या नागाच्या विषातही ते असतं. ते पुढं जाऊन वाट मोकळी करतं, बाकीचं विष मागनं येतं.

१९९३ साली माशीच्या या एन्झाइमचा जनुक वाचला गेला, तेव्हा त्याचं सख्खं नातं निघालं ते सस्तन प्राण्यांच्या शुक्राणूवरच्या प्रथिनाशी! खरं तर माग आधीच लागला होता. १९२८ मध्ये फ्रान्सिस्को दुरान-रेनाल्स या शास्त्रज्ञाला दिसलं, की वृषणाचा अर्क मिसळून विषाणू टोचला तर सशाच्या कातडीत लागण फार लांबवर पसरते. त्या घटकाला नाव पडलं ‘पसरवणारा घटक’. तो हायलुरोनिडेझच होता.

वृषणात हे कशाला? फालुद्यातला भिजलेला सब्जा आठवा. मधे काळं बी, भोवती जेली. स्त्रीबीज अंडाशयातनं बाहेर पडतं ते जवळपास याच रूपात. भोवती हजारो बारक्या पेशी आणि त्यांना धरून ठेवणारी हायलुरोनिक ॲसिडची खळ. शुक्राणूला यातनं आत शिरायचं असतं. त्याच्या डोक्यावर पीएच-२० नावाचं हायलुरोनिडेझ खुंटीला अडकवल्यासारखं बसवलेलं असतं. (आम्लता मोजायच्या पीएचशी याचा संबंध नाही, नाव ठेवणाऱ्यानं आपल्याला उगाच गोंधळात टाकलंय.)

मग ज्या पुरुषाचं पीएच-२० कमी पडतं त्याला मूल होत नाही का? इथं उंदरानं घोळ घातला. २००२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी पीएच-२० नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या शुक्राणूंना खळ फोडायला उशीर लागला, पण पिल्लं झाली. पुढं कळलं की उंदराच्या शुक्राणूवर असंच दुसरंही एन्झाइम असतं. माणसात ते दुसरं एन्झाइम बनतच नाही. म्हणजे उंदराचं उत्तर माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही, माणसाचंच एन्झाइम हातात हवं.

बैलाच्या, मेंढ्याच्या वृषणातनं काढलेलं हायलुरोनिडेझ जुनंच आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याजवळ भुलीचं इंजेक्शन देतात, त्यात ते मिसळलं की भूल लवकर पसरते. पण त्या अर्कात जनावराची इतर प्रथिनंही येतात आणि एखाद्याला ॲलर्जी होऊ शकते. म्हणून माणसाच्या पीएच-२०चा जनुक घेतला, खुंटीचा भाग छाटला, म्हणजे एन्झाइम सुटं होऊन द्रावात उतरेल, आणि तो दुसऱ्या पेशीत घातला. जिवाणूत नाही, कारण या प्रथिनावर साखरेच्या फांद्या बसाव्या लागतात, त्याशिवाय ते नीट काम करत नाही. पेशी निवडल्या त्या चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयाच्या. पुरुषाच्या वृषणातलं एन्झाइम उंदरासारख्या प्राण्याच्या मादीच्या पेशींकडनं करून घ्यायचं, हे मला अजून गमतीचं वाटतं.

अमेरिकेत ते २००५ मध्ये औषध म्हणून मंजूर झालं. स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रास्टुझुमॅब शिरेतनं द्यायला अर्धा ते दीड तास लागायचा, या एन्झाइमसोबत ते कातडीखाली पाचेक मिनिटांत जातं. वंध्यत्वाच्या अभ्यासात त्याचा उपयोग वेगळा. शुद्ध एन्झाइम हाताशी असलं की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं करून शुक्राणूवर ते कुठं बसलंय बघता येतं, किंवा त्याला अडवणारं रसायन शोधता येतं. १९८८ मध्ये गिनीपिगना पीएच-२० टोचून त्यांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केल्यावर नर-मादी दोघांचीही प्रजननक्षमता गेली, तेव्हा गर्भनिरोधक लस हाती आली असंच वाटलं होतं. सशात मात्र ते जमलं नाही.

आणखी एक कल्पना अशी, की पक्व शुक्राणू हायलुरोनिक ॲसिडला चिकटतो, तर इक्सीत (म्हणजे प्रयोगशाळेत सुईनं शुक्राणू थेट बीजात सोडतात त्या उपचारात) तसेच निवडून वापरावेत. ब्रिटनमध्ये २,७७२ जोडप्यांवर हे करून पाहिलं, निष्कर्ष २०१९ मध्ये आला. गर्भपात कमी दिसले, पण जिवंत मूल जन्मण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलं नाही. तेव्हा ‘खास शुक्राणू निवडून देतो’ म्हणत कुणी जादा पैसे मागितले, तर या चाचणीबद्दल विचारायला हरकत नाही.

माशी चावल्याच्या दुसऱ्या दिवशी मिरजेत ओळखीच्या एका भ्रूणतज्ज्ञ ताईंकडं गेलो होतो. इक्सीसाठी त्या बीजं सोलत होत्या. हायलुरोनिडेझच्या थेंबात बीज सोडलं, पिपेटनं दोन-चारदा आत-बाहेर केलं आणि अर्ध्या मिनिटात सब्जाची जेली सुटली. उरला काचेसारखा स्वच्छ गोळा. आता सुईनं शुक्राणू थेट आत जाणार, त्याच्या डोक्यावरच्या एन्झाइमला कामच नाही.

“हातावर काय झालं?” त्यांनी मायक्रोस्कोपवरनं मान न उचलता विचारलं.

“त्या थेंबात आहे तेच,” मी म्हटलं.