मुंबई–लंडन हवाई अंतर व प्रवासकाळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांमधील हवाई अंतर सुमारे ७,२०० किमी (सुमारे ३,८९० सागरी मैल) आहे. हे अंतर पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठावरून, म्हणजे बृहद्वृत्तावरून (गोलावरच्या दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळच्या वाटेने) मोजतात. भिंतीवरच्या सपाट नकाशात हा मार्ग उत्तरेकडे फुगलेला दिसतो. मुंबईहून तो वायव्येला निघतो, कराचीच्या आसपासून मध्य आशिया, कॅस्पियन समुद्र, दक्षिण रशिया, युक्रेन, पोलंड व जर्मनी ओलांडतो आणि लंडनला जवळजवळ थेट पश्चिमेकडे तोंड करून पोहोचतो.

प्रत्यक्षात विमानांना ही वाट क्वचितच मिळते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. २०१९ मध्येही ती काही महिने बंद होती. अशा वेळी विमाने अरबी समुद्रावरून आखाताकडे वळतात आणि पुढे इराक, तुर्कस्तानमार्गे युरोपात शिरतात. पल्ला वाढतो, इंधन जास्त लागते. याच कराचीशी मुंबईच्या हवाई टपालाचा आरंभ जोडलेला आहे. लंडनहून कराचीपर्यंत आलेले टपाल १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी स्वतः विमान चालवत अहमदाबादमार्गे जुहूला आणले होते.

ताशी ९०० किमी वेग धरून भागाकार केला, तर उत्तर आठ तास येते. अंतर सांगणारी बहुतेक कोष्टके असाच हिशेब देतात आणि प्रवाशाच्या दृष्टीने तो अपुरा आहे. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण-उतरण, हीथ्रोवर उतरण्यापूर्वीच्या घिरट्या त्यात धरलेल्या नसतात. वाऱ्याचाही विचार नसतो. सुमारे दहा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह लंडनला जाताना समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात. म्हणून जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास किंवा त्याहून अधिक, तर येताना साडेआठ ते नऊ तास लागतात. हिवाळ्यात हे प्रवाह अधिक जोरकस असतात.

वेळापत्रकातील वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक असतात. भारतीय प्रमाणवेळ लंडनपेक्षा हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास पुढे असते. त्यामुळे उन्हाळ्यात मुंबईहून दुपारी १ वाजता निघालेले विमान दहा तासांनी पोहोचले, तरी लंडनच्या घड्याळात संध्याकाळचे ६:३० वाजलेले असतात. परतीला उलट होते: रात्री ९ ला निघून नऊ तासांनी मुंबईत उतरावे, तर इथे सकाळचे १०:३०. घ्यायला येणाऱ्या घरच्यांनी तारीख नीट पाहून घ्यावी.

एअर इंडियाची पहिली आंतरराष्ट्रीय सेवा याच मार्गावर ८ जून १९४८ रोजी सुरू झाली. ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान कैरो आणि जिनीव्हा असे थांबे घेत लंडनला गेले.